हातातला गेमिंग कन्सोल घेतलाय? मग मालवेअरचं हे आधी बघून घ्या

ठाणे-वाशी किंवा ठाणे-पनवेल गाडीत हल्ली मोबाईलच्या जोडीला स्टीम डेक, आरओजी अ‍ॅलाय, लीजन गो, नाहीतर ती स्वस्तातली आर३६एस घेऊन बसलेली पोरं सर्रास दिसतात, आणि पोरंच कशाला, ऐरोलीला माइंडस्पेसच्या गर्दीत उतरणारे चाळिशीचे काकापण दिसतात. सोसायटीच्या ग्रुपवर मग एकच प्रश्न फिरून फिरून येतो, "याला व्हायरस लागतो का हो?" याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही, म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच डोक्यात फिट करा, बाकी सगळं त्यावरच आहे. मालवेअर (व्हायरससारखं, चोरी किंवा नासधूस करायला लिहिलेलं सॉफ्टवेअर) बनवणाऱ्याला तुमच्या कन्सोलमध्ये काडीचा इंटरेस्ट नाही, त्याला पाहिजे तुम्ही त्यावर लॉगिन करून ठेवलेलं स्टीम (गेमचं ऑनलाइन दुकान), जीमेल, डिस्कॉर्ड आणि ब्राउझरमध्ये सेव्ह केलेलं कार्ड.

पूर्वी हा प्रकार वेगळा होता. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये सोनीच्या पीएसपीसाठी एक ट्रोजन, म्हणजे कामाचं टूल असल्याचं सोंग घेणारा मालवेअर आला, फर्मवेअर (कन्सोलचं आतलं सॉफ्टवेअर) जुन्या व्हर्जनवर नेऊन देतो असं सांगायचा आणि सिस्टमच्या फाइली उडवून टाकायचा, कन्सोल परत चालूच व्हायचा नाही. त्याच महिन्यात निनटेंडो डीएससाठीपण तसाच एक आला. दोन्हींत चोरी काहीच नव्हती, नुसता सत्यानाश. आणि दोन्ही वेळेला फसले कोण, तर कन्सोल हॅक करून द्यायचं टूल म्हणून स्वतःच्या हाताने ती फाइल टाकणारे. वीस वर्षं झाली तरी ही सवय काही बदललेली नाही, फक्त चोर आता शहाणा झालाय आणि मशीन चालू ठेवून गुपचूप माल नेतो.

पहिलं काम: आपल्या हातात नक्की काय आहे ते ओळखा

आरओजी अ‍ॅलाय, एमएसआय क्लॉ आणि बहुतेक लीजन गो म्हणजे सरळ विंडोज ११ चा कॉम्प्युटर, फक्त बाजूला बटणं लावलेला. लॅपटॉपला जे जे लागू शकतं ते सगळं यांना लागतं. स्टीम डेक म्हणजे लिनक्स, लीजन गो एस सुद्धा स्टीमओएसवाला मिळतो. रेट्रॉइड पॉकेट, आयन ओडिन हे अँड्रॉइड. आर३६एस आणि अँबरनिकचे छोटे मॉडेल म्हणजे मेमरी कार्डावर चालणारं बारकं लिनक्स. आणि निनटेंडो स्विच हा बंद डबा, त्यात निनटेंडोने सही केलेलं सॉफ्टवेअरच चालतं, निदान मोड (म्हणजे कंपनीचं कुलूप तोडून बदल) न केलेल्या स्विचमध्ये तरी.

धोक्याचा क्रम माझ्या मते असा, विंडोजवाले सगळ्यात वर, मग अँड्रॉइड, मग डेक, मग स्विच, आणि वाय-फायच नसलेली आर३६एस सगळ्यात खाली, म्हणजे सगळ्यात स्वस्त खेळणं सगळ्यात निर्धास्त, फक्त त्याच्या कार्डाची एक भानगड आहे, ती खाली येईल.

घेताना

स्टीम डेक आणि स्विच आपल्याकडे कंपनीकडून अधिकृतपणे विकायलाच नाहीत, त्यामुळे जे काय मिळतं ते इम्पोर्टवाल्याकडून, वाशीच्या मॉलमधल्या एखाद्या गाळ्यातून, लॅमिंग्टन रोडवरून, नाहीतर ओएलएक्सवरून. त्यात वाईट काही नाही, मीपण असंच घेतो. पण "साहेब, पन्नास गेम टाकून देतो फ्री" हे वाक्य ऐकलं की सावध व्हायचं. ते पन्नास गेम कुठून आले, कोणी क्रॅक केले, टाकताना अँटीव्हायरस बंद केला होता का, हे त्या दुकानदारालापण माहीत नसतं, तो बिचारा एकच हार्डडिस्क सगळ्यांना लावत असतो. गेम नको, कोरा द्या म्हणायचं. तोंड वाकडं करेल, करू दे.

सेकंडहँड घेताना ठाणे स्टेशनला दहा नंबरवर उभं राहून दोन गाड्यांच्या मधे व्यवहार उरकू नका. बसायला जागा आणि निवांत अर्धा तास लागतो. एखाद्या मॉलच्या फूड कोर्टात भेटा, स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट द्या आणि मशीन ऑनलाइन नेऊन बघा. स्विच असेल तर ईशॉप उघडतं का बघा, कारण मोड केलेल्या किंवा पायरेटेड गेम चालवलेल्या मशीनला निनटेंडो ऑनलाइनवरून बॅन करते आणि तो बॅन त्या मशीनला असतो, विकणारा गेला तरी तो तुमच्याकडेच राहतो. मेमरी कार्डावर अ‍ॅटमॉस्फिअर (मोड केलेल्या स्विचवर चालणारं सॉफ्टवेअर) नावाचं फोल्डर दिसलं तर मशीन मोड केलेलं होतं असं धरून चाला. स्विचच्या पहिल्या मॉडेलच्या चिपमध्ये २०१८ साली असा दोष जाहीर झाला की तो सॉफ्टवेअर अपडेटने दुरुस्तच होऊ शकत नाही, त्यामुळे जुने स्विच मोड केलेले असणं जाम कॉमन आहे. असा मशीन घेतलाच तर त्यात कार्ड डिटेल टाकायचे नाहीत, विषय संपला.

घरी आणल्यावर, नवीन दिसो की जुना, आधी रिसेट. विंडोजवाल्यात सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग रिकव्हरी, तिथे रिसेट धिस पीसी, सगळं काढून टाका आणि क्लाउड डाउनलोड निवडा म्हणजे विंडोज मायक्रोसॉफ्टकडून नव्याने उतरतं. हे क्लाउड डाउनलोड महत्त्वाचं. २०२४ मध्ये एसमॅजिक कंपनीचे मिनी पीसी अगदी सीलबंद डब्यातून मालवेअर घेऊन निघाले होते आणि ते रिकव्हरीच्या पार्टिशनमध्येपण होतं, म्हणजे मशीनच्या आतलीच कॉपी वापरून रिसेट मारला असता तर परत तेच. अ‍ॅलायमध्ये बायोसमधूनच (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या सेटिंगमधून) आसुसकडून पूर्ण इमेज उतरवायची क्लाउड रिकव्हरीची सोय आहे, ती त्याहून बरी. डेकला वाल्वची (स्टीम आणि डेक बनवणारी कंपनी) रिकव्हरी इमेज पेनड्राइव्हवर टाकून नवीन करता येतं. रात्री लावून झोपा.

विंडोजवाल्यांनी हे जरा नीट वाचा

सगळ्यात जास्त वाट इथेच लागते. कारण साधं आहे, क्रॅक केलेला गेम. मी नीतीचं लेक्चर देत नाहीये, फक्त कसं होतं ते सांगतो. २०२४ च्या सप्टेंबरपासून टॉरेंटवर बीमएनजी ड्राइव्ह, गॅरीज मोड अशा प्रसिद्ध गेमचे बिघडवलेले इन्स्टॉलर टाकून ठेवले होते, लोकांनी उतरवले, आणि ३१ डिसेंबरला, सगळे सुट्टीत असताना, ते जागे झाले आणि लोकांच्या मशीनवर क्रिप्टो मायनिंग, म्हणजे तुमची वीज आणि चिप वापरून चोरासाठी डिजिटल चलन कमावणं सुरू झालं. अँटीव्हायरस कंपनी कॅस्परस्कीने हा प्रकार पकडला. यातली गंमत म्हणजे आठपेक्षा कमी कोअरवाल्या मशीनवर तो मायनर सुरूच व्हायचा नाही. स्टीम डेकला चार कोअर आहेत. अ‍ॅलायच्या झेड१ एक्स्ट्रीमला बरोब्बर आठ. म्हणजे तुम्ही पॉवरफुल म्हणून जास्त पैसे मोजून जी चिप घेतली, तीच त्यांना हवी होती. गेम बंद असतानाही पंखा घोंघावतोय आणि बॅटरी घणसोलीहून ठाण्यापर्यंतपण धड टिकत नाही असं झालं तर टास्क मॅनेजर उघडून कोण खातंय बघा.

"पण मी सगळं स्टीमवरूनच घेतो" म्हणणारे, थांबा. २०२५ च्या फेब्रुवारीत पायरेटफाय नावाचा फुकट गेम खुद्द स्टीमवर आला, आठवडाभरात वाल्वने काढला, कारण त्यात पासवर्ड आणि कुकी (ब्राउझरमधली, तुमचं लॉगिन चालू ठेवणारी फाइल) चोरणारा मालवेअर होता, आणि ज्यांनी चालवला त्यांना स्कॅन करा, जमलं तर ऑपरेटिंग सिस्टमच नव्याने टाका असा मेसेज गेला. त्याच वर्षी ब्लॉकब्लास्टर्सची केस तर अजून बेक्कार, गेम आला तेव्हा साफ होता, ऑगस्टमधल्या एका अपडेटमधून चोर आत शिरला आणि सप्टेंबरमध्ये गेम काढेपर्यंत कॅन्सरच्या उपचारासाठी पैसे गोळा करणाऱ्या एका स्ट्रीमरची क्रिप्टो गेली. तर स्टीम सुरक्षित आहे, बाकीच्यापेक्षा खूपच सुरक्षित आहे, पण कोणाला माहीत नसलेला, मोजके रिव्ह्यू असलेला फुकट गेम आणि वर अनोळखी माणूस डिस्कॉर्डवर "भावा माझा गेम टेस्ट कर ना, पैसे देतो" म्हणतोय, हे कॉम्बिनेशन आलं की कल्टी मारायची.

आता सेटिंग. हे एकदाच करायचंय.

विंडोज सिक्युरिटीत जाऊन व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनच्या सेटिंगमध्ये एक्सक्लुजन्सची, म्हणजे तपासणीतून वगळलेल्या गोष्टींची यादी उघडा. तिथे काही दिसलं, विशेषतः पूर्ण सी ड्राइव्ह, तर समजा कोणीतरी डिफेंडरला (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) डोळे मिटून बसायला सांगितलंय. दुकानातून गेम भरून दिलेल्या मशीनमध्ये हा झोल हमखास बघायचा. टॅम्पर प्रोटेक्शन (डिफेंडरच्या सेटिंगमध्ये दुसऱ्या प्रोग्रामला ढवळाढवळ करू न देणारी सोय) चालू ठेवा. वेगळा पैसे देऊन अँटीव्हायरस घ्यायची गरज मला वाटत नाही, हँडहेल्डवर, म्हणजे या हातातल्या कन्सोलवर, तो बॅटरी आणि गेमचा स्पीड दोन्ही खातो, डिफेंडर पुरेसा आहे, अट एवढीच की कुठल्या यूट्यूबवाल्याने सांगितलं म्हणून तो बंद करायचा नाही. "फॉल्स पॉझिटिव्ह (चुकीचा इशारा) आहे, डिफेंडर ऑफ करा" हे वाक्य खरं असू शकतं, पण चोरपण नेमकं हेच वाक्य लिहितो, आणि दोघांत फरक करायला तुमच्याकडे काहीच साधन नाही.

फाइल एक्सप्लोररमध्ये फाइलचं एक्स्टेन्शन दाखवा हा पर्याय चालू करा. सात इंची स्क्रीनवर बोटाने टॅप करताना एखादा मोड (इथे अर्थ, गेममध्ये बदल करणारी फाइल) डॉट झिप आहे की डॉट झिप डॉट ईएक्सई हे कळतच नाही, आयकॉन सारखाच असतो.

आणि एक नवीन फॅशन आलीय, वेबसाइट म्हणते तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करायला विंडोज आणि आर दाबा, मग पेस्ट करा, मग एंटर. असं कुठलंही खरं कॅप्चा नसतं. पेस्ट होते ती मालवेअर उतरवणारी कमांड. हँडहेल्डला कीबोर्ड नसल्यामुळे आपण अर्धे तसेच वाचतो, पण टीव्हीला डॉक लावून कीबोर्ड जोडून बसणारे बरेच आहेत.

अ‍ॅडमिन नसलेलं वेगळं अकाउंट काढा असा सल्ला सगळीकडे मिळेल. काढा, वाईट नाही, पण त्याच्यावर जीव टाकू नका, कारण ब्राउझरच्या कुकी आणि पासवर्ड चोरायला अ‍ॅडमिन लागतच नाही, तुमच्याच अकाउंटमधून तुमच्याच फाइली वाचायच्यात. कुकी गेली की ओटीपी, टू फॅक्टर सगळं बाजूला राहतं, कारण चोर लॉगिन करतच नाही, तुमचं चालू असलेलं लॉगिनच उचलून नेतो. म्हणून हँडहेल्डच्या ब्राउझरमध्ये मुख्य जीमेल उघडायचंच नाही, हा माझा एकमेव कडक नियम आहे. मेल बघायला फोन आहे ना.

स्टीम डेक

डेक लिनक्स आहे म्हणून व्हायरस लागत नाही असं ठोकून सांगणारे भेटतील. अर्धं खरं. सिस्टमचा भाग रीड-ओन्ली असतो, म्हणजे त्यात सहज बदल करता येत नाही, हे खरं आणि विंडोजसाठी लिहिलेला मालवेअर तिथे अनेकदा अडखळतो हेपण खरं. पण विंडोजचे गेम ज्या प्रोटॉनवर चालतात तो काही तुरुंग नाही, त्यातल्या प्रोग्रामला झेड ड्राइव्हमधून तुमचं होम फोल्डरही दिसत असतं, आणि तुमच्या कामाचं सगळं होम फोल्डरमध्येच असतं.

गेमिंग मोडमध्ये राहिलात तर फार टेन्शन नाही. डेस्कटॉप मोडमध्ये गेलात की पुढचं बघा. पहिली गोष्ट, डेकला सुरुवातीला पासवर्डच नसतो, सिस्टम सेटिंग्जमध्ये यूझर्समध्ये जाऊन स्वतः ठेवा, नाहीतर एखादं टूल तुमच्यासाठी ठेवून देईल आणि तुम्हाला आठवणारपण नाही. दुसरी, सॉफ्टवेअर डिस्कव्हरमधूनच (डेकवरचं अ‍ॅप स्टोअर) घ्या. तिसरी, नेटवर "ही एक ओळ टर्मिनलमध्ये पेस्ट करा" असं दिसलं तर ती ओळ कुठल्या पत्त्यावरून काय उतरवतेय एवढं तरी वाचा. आर्च लिनक्सवाल्यांची जी पब्लिकने टाकलेल्या पॅकेजची जागा आहे, एयूआर, तिथे २०२५ च्या जुलैत फायरफॉक्स, लिब्रेवुल्फ आणि झेन ब्राउझरची सुधारित आवृत्ती म्हणून टाकलेल्या पॅकेजमध्ये मशीनचा ताबा घेणारा मालवेअर निघाला. स्टीमओएस आर्चवरच बांधलेलं आहे, आणि रीड-ओन्ली काढून एयूआर वापरायचं ट्युटोरियल प्रत्येक दुसऱ्या व्हिडिओत असतं. नवीन माणसाला त्याची काहीही गरज नाही, खरंच नाही.

डेकी लोडर (डेकमध्ये जास्तीचे प्लगइन टाकायचं टूल) लोक आवडीने टाकतात, मीपण टाकलाय, फक्त तो रूट म्हणून, म्हणजे सिस्टमचे सगळे अधिकार घेऊन चालतो हे माहीत असू द्या. त्याच्या स्टोअरमधले मोजके प्लगइन ठीक, कोणी झिप पाठवली तर नको.

अँड्रॉइडवाले

इथे एकच मोठी गोष्ट. या मशीनला तुमचं रोजचं गूगल अकाउंट द्यायचं नाही, नवीन बनवा, गेमपुरतं. यूपीआय, बँक, व्हॉट्सअ‍ॅप काही नको. नो-नेम अँड्रॉइड उपकरणांत कारखान्यातूनच मालवेअर घुसवायचा धंदा किती मोठा आहे ते बॅडबॉक्स प्रकरणात दिसलं, २०२५ च्या जूनमध्ये एफबीआयला त्यावर जाहीर इशारा द्यावा लागला. ते मुख्यतः टीव्ही बॉक्स आणि प्रोजेक्टर होते, पण स्वस्त अँड्रॉइड हँडहेल्डचा बाजार काही फार वेगळा नाही. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये अबाउटमध्ये प्ले प्रोटेक्टचं सर्टिफिकेशन दिसतं, ते नसेल तर मशीनला घरच्या राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर ठेवा. केबलवाल्याने बसवलेल्या साध्या राउटरमध्येपण बहुतेक वेळा ही सोय असते, फक्त कोणी चालू केलेली नसते.

एपीके (अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल) उतरवताना बंद पडलेल्या एम्युलेटरच्या (दुसऱ्या कन्सोलचे गेम चालवणारं अ‍ॅप) नावांना भुलू नका. स्विचचा एम्युलेटर यूझू २०२४ च्या मार्चमध्ये निनटेंडोशी २४ लाख डॉलरची तडजोड करून बंद झाला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये र्‍युजिन्क्सपण गेला. बंद पडलेल्या वस्तूची अधिकृत साइटच उरत नाही, म्हणून "यूझू लेटेस्ट व्हर्जन" म्हणून जे सापडतं ते कोणाचं हे सांगणारा मालकच नाही.

आर३६एस आणि बाकी रेट्रो खेळणी

मशीनला स्वतःचं वाय-फाय नाही, त्यामुळे बाहेर काही पाठवणार कसं? इथे काळजी मशीनची नाही, त्या कार्डाची. सोबत येणारं बिननावाचं मायक्रोएसडी लवकर मरतं, म्हणून सगळेच ते काढून कॉम्प्युटरला लावतात, कॉपी करतात, नवीन ब्रँडेड कार्डावर टाकतात. कॉपी जरूर करा, पण घरच्या लॅपटॉपवर, ऑफिसच्या नाही. ऐरोली-महापेच्या आयटीवाल्यांना हे वेगळं सांगायची गरज नसावी, पण लंच ब्रेकमध्ये कंपनीच्या लॅपटॉपला कार्ड लावणारे मी बघितलेत. कार्डावर डॉट ईएक्सई, डॉट बॅट किंवा डॉट एपीके दिसलं की ते उघडायचं नाही, आर३६एसला त्यातलं काहीच लागत नाही. रॉम फाइल, म्हणजे जुन्या गेमची कॉपी, हा नुसता डेटा, आणि गेमबॉय अ‍ॅडव्हान्सचा गेम ३२ एमबीच्या आतच असतो, त्या नावाने कोणी दोनशे एमबीचा इन्स्टॉलर देत असेल तर त्यात गेम सोडून बाकी सगळं आहे.

घरात पोरं असतील तर

मोड आणि चीट शोधणारे मुख्यतः हेच. २०२३ च्या जूनमध्ये माइनक्राफ्टचे मोड जिथून सगळे घेतात त्या कर्सफोर्जवरच्या काही मोडमध्ये मालवेअर घुसला होता, म्हणजे जागा बरोबर असूनही. पोराला ओरडून उपयोग नाही, स्टीम फॅमिलीजमध्ये त्याचं वेगळं अकाउंट काढा, तुमचे गेम त्याला शेअर होतात आणि तुमचं लॉगिन त्याच्या मशीनवर जातच नाही. पैसे भरताना कार्ड सेव्ह करू नका, यूपीआयने भरा, मंजुरी तुमच्या फोनवरच येते. आपल्याकडे ओटीपी लागतो म्हणून कार्ड सेव्ह केलं तरी चालतं असं वाटत असेल तर परदेशी साइटवर बऱ्याचदा ओटीपी न विचारता पैसे कापले जातात, बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद करून ठेवा.

झालंच काही तर, या क्रमाने

आधी हँडहेल्डचं वाय-फाय बंद. त्याच मशीनवर बसून पासवर्ड बदलायचा मोह होतो, तो टाळा, नवीन पासवर्डपण तिथूनच जाईल. फोन घ्या, फोनवरून पहिल्यांदा ईमेलचा पासवर्ड बदला, मग स्टीमचा, मग डिस्कॉर्डचा, कारण ईमेल चोराच्या हातात असेल तर बाकीचं तो परत फिरवून घेतो. तिन्ही ठिकाणी सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा, नुसता पासवर्ड बदलून चोरलेलं लॉगिन कधीकधी तसंच राहतं. स्टीमवर स्किनचे (गेममधल्या सजावटीच्या वस्तू) व्यवहार करत असाल तर तुमच्या नावाने कोणी एपीआय की (प्रोग्रामला तुमचं अकाउंट वापरू देणारी किल्ली) बनवलीय का तेही बघून काढून टाका. मग मशीन पूर्ण रिसेट. सेव्ह गेम बहुतेक स्टीम क्लाउडवर असतातच, जुन्या ड्राइव्हवरून इन्स्टॉलर आणि मोड परत आणू नका.

पैसे गेले असतील तर हे सगळं नंतर, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवून ठेवायची शक्यता जास्त. ऑनलाइन तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर होते. पोलीस ठाण्यात जायचं झालं तर ऐरोली, वाशी, बेलापूरवाल्यांचा जिल्हा ठाणे असला तरी आयुक्तालय नवी मुंबईचं, खारघर-पनवेलचंही तेच, उगाच ठाण्याला हेलपाटा नको. बरोबर व्यवहाराचा नंबर, कापल्याचा मेसेज, त्या गेमचं किंवा फाइलचं नाव आणि ज्याने लिंक पाठवली त्याच्या चॅटचे स्क्रीनशॉट घेऊन जा, आणि हे स्क्रीनशॉट मशीन रिसेट करायच्या आधी फोनने काढा, नंतर तिथे काहीच उरत नाही.